आव, ‘अस्तर खाणारे’ जिवाणू आणि अठरा पानांचा रिपोर्ट

प्रश्न : मी ४१ वर्षांची, वर्तकनगर, ठाणे इथे राहते. नोकरी ऐरोलीत, शिफ्टची. जानेवारीपासून वजनासाठी गहू, तांदूळ, साखर पूर्ण बंद केलंय. अंडी, पनीर, चिकन, काकडी यावरच असते. मार्चमध्ये दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा शौचाबरोबर पांढरट, चिकट आव पडते. रक्त नाही, ताप नाही. दोनदा मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून घेतलं, चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. शेवटी आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी ऑनलाइन मागवली. अठरा पानांचा रिपोर्ट आला : ‘अक्करमॅन्सिया फार कमी’, ‘रुमिनोकॉकस नेव्हस जास्त, हा आतड्याचं अस्तर खातो’, ‘एफयूटी२ : नॉन-सिक्रेटर’. सोबत दरमहा साडेचार हजारांच्या कॅप्सूल सुचवल्यात. आतड्यातला श्लेष्मा साखरेचाच बनलेला असतो असं वाचलं. मग साखर सोडल्यामुळे माझं अस्तर पातळ झालं का? कॅप्सूल घेऊ का? आणि अस्तराची जाडी मोजून देणारी तपासणी ठाण्यात कुठे होते? (नाव छापू नये.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत छोटे, म्हणून ते आधी. श्लेष्म्याच्या थराची (आतड्याला आतून झाकणारा चिकट स्राव, ज्याला तुम्ही अस्तर म्हणता) जाडी मोजणारी तपासणी ठाण्यात नाही, मुंबईत नाही, आणि रोजच्या वैद्यकीय व्यवहारात जगात कुठेच नाही. कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या) आधी जुलाबाचे औषध देऊन आतडे धुऊन काढतात, त्यात बराचसा सैल श्लेष्मा वाहून जातो. मग जो तुकडा काढतात तो फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिन पाण्यात केलेले असते आणि पाणी लागले की हा थर आक्रसतो, निसटतो. काचपट्टीवर पेशी छान दिसतात, त्यांच्यावरचा श्लेष्मा मात्र गेलेला असतो. तो टिकवायचा असेल तर संशोधक कार्नॉयचे द्रावण वापरतात : ६० टक्के इथेनॉल, ३० टक्के क्लोरोफॉर्म, १० टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी अजिबात नाही. अशाच पद्धतीने काम करून स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातल्या गुन्नार हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की उंदराच्या मोठ्या आतड्यात श्लेष्म्याचे दोन थर असतात आणि आतल्या थरात जिवाणू जवळजवळ नसतातच. शौचाच्या नमुन्यावरून कोणी ‘अस्तराचा गुण’ काढून देत असेल तर तो जिवाणूंच्या नावांवरून बांधलेला अंदाज असतो. मोजमाप नव्हे.

आता साखरेचे. तुम्ही वाचले ते खरे आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला.

आतड्याच्या आतल्या बाजूला गॉब्लेट पेशी असतात. त्या एमयूसी२ नावाचे म्यूसिन, म्हणजे श्लेष्म्याचे मुख्य प्रथिन, तयार करतात. मधे प्रथिनाचा लांब दांडा आणि त्याच्याभोवती दाटीने लागलेल्या शर्करासाखळ्या, बाजरीच्या कणसासारखी रचना. वजनाने पाहिले तर सुमारे ८० टक्के भाग या साखळ्यांचाच. दांड्याला पहिली जोडली जाते ती एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसअमाइन, तिच्यावर गॅलॅक्टोज आणि एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसअमाइन, टोकाला फ्यूकोज किंवा सियालिक आम्ल, आणि मधूनमधून सल्फेट. माणसाच्या मोठ्या आतड्यात अशा १०० हून अधिक प्रकारच्या साखळ्या सापडल्या आहेत. त्या सगळ्या पेशीच्या आतच जोडल्या जातात, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे रक्तातले ग्लुकोज. ते तुम्ही भात सोडला तरी असतेच, कारण यकृत ते बनवत राहते. त्यामुळे साखर सोडल्याने श्लेष्म्यातली साखर कमी झाली, असे होत नाही. जिलेबी खाल्ल्याने ती वाढतही नाही. डब्यातली साखर लहान आतड्यातच शोषली जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फारशी पोहोचत नाही.

म्हणजे साखर सोडून तुमचे काही बिघडले नाही. बिघडले ते गहू, ज्वारी, डाळी, उसळी यांच्याबरोबर सगळा चोथा (फायबर) ताटातून गेल्यामुळे. याच मुद्द्यावर बाकीचे उत्तर उभे आहे, म्हणून तो नीट मांडतो.

आतला थर घट्ट आणि पेशींना चिकटलेला असतो. उंदरात त्याची जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर, माणसात काहीशे मायक्रोमीटर. बाहेरचा थर सैल, आणि त्यात जिवाणूंची वस्ती. आतला थर सतत नव्याने बनतो. उंदरात तर तासा-दोन तासांत तो बदलला जातो. हा थर नसला तर काय होते तेही तपासून झाले आहे : एमयूसी२ न बनवणाऱ्या उंदरांत जिवाणू थेट पेशींना भिडतात आणि आतड्याला सूज येते. प्रथिन शाबूत ठेवून फक्त शर्करासाखळ्यांची मूळ जोडणी बंद केली तरी उंदरांना आपोआप सूज येते, हे २०११ मध्ये दिसले. साखळ्या नसल्या की प्रथिन उघडे पडते आणि जिवाणूंची विकरे (एन्झाइम) ते कापून टाकतात. शर्करासाखळ्या हेच दांड्याचे चिलखत.

मग या साखळ्या खाणारे जिवाणू शत्रूच म्हणायचे का? नाही. बाहेरच्या थरातला श्लेष्मा त्यांनी थोडाथोडा खावा, अशीच शरीराची व्यवस्था आहे. आईच्या दुधात लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करासाखळ्या असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियासाठी असतात, आणि त्यांची घडण श्लेष्म्यातल्या साखळ्यांशी बरीच मिळतीजुळती असते. मोठेपणी तेच काम काही अंशी श्लेष्मा करतो.

खाण्याची पद्धत मात्र किचकट आहे. बहुतेक जिवाणू साखळीच्या टोकाकडून एकेक साखर सोडवत आत जातात. टोकाला सियालिक आम्ल असेल तर सियालिडेज हे विकर हवे, फ्यूकोज असेल तर फ्यूकोसिडेज, सल्फेट असेल तर सल्फटेज. यातले एक हत्यार नसले तरी पुढचे जेवण अडते. बॅक्टेरॉइड्स थिटायोटाओमायक्रॉन या जिवाणूबाबत २०२१ मध्ये दिसले की त्याचे एकच सल्फटेज काढून टाकले तर त्याला मोठ्या आतड्याच्या म्यूसिनवर नीट वाढता येत नाही. रिपोर्टने ज्याला खलनायक ठरवले त्या रुमिनोकॉकस नेव्हसची युक्ती निराळी. तो सियालिक आम्ल वेगळ्या रूपात तोडतो, जे इतर जिवाणूंना सहसा वापरता येत नाही, आणि मग स्वतःच ते खातो. (नव्या रिपोर्टांत तोच मेडिटेरॅनिबॅक्टर नेव्हस नावाने दिसेल. नाव बदलले म्हणून नवा जिवाणू समजू नका.) आतड्याच्या दाहाच्या आजारांत त्याचे काही प्रकार वाढलेले आढळतात हे खरे. पण तो निरोगी माणसांतही सर्रास असतो, आणि ‘जास्त’ या एका शब्दावरून आजार ठरत नाही.

आता यातली कळीची गोष्ट. बॅक्टेरॉइड्ससारखे जिवाणू दोन्हीकडे खातात. अन्नातला चोथा आला की ते आधी त्यावर जातात. तो आला नाही की श्लेष्म्याच्या साखळ्या तोडणारी जनुके चालू करतात. हे बदल दिवसांत होतात, त्याला महिने लागत नाहीत. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातले एरिक मार्टेन्स आणि लक्झेंबर्गमधले महेश देसाई यांच्या गटाने जिवाणूविरहित उंदरांत माणसाच्या आतड्यातले १४ जिवाणू सोडले आणि काहींना चोथा असलेले, काहींना अजिबात चोथा नसलेले खाद्य दिले. चोथा नसलेल्या उंदरांत श्लेष्मा खाणारे वाढले, थर पातळ झाला, आणि नंतर आतड्याला संसर्ग करणारा सिट्रोबॅक्टर दिल्यावर त्यांना फार तीव्र आजार झाला. जिवाणू दोन्ही गटांत तेच १४ होते. बदलले होते फक्त खाद्य.

या प्रयोगात वाढलेल्यांपैकी एक कोण होता? अक्करमॅन्सिया. तोच, जो तुमच्या रिपोर्टमध्ये ‘कमी आहे, वाढवा’ म्हणून लाल अक्षरात छापला आहे.

अक्करमॅन्सिया म्यूसिनिफिला हा २००४ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगेन इथे म्यूसिनवरच वाढवून शोधला गेला. स्थूलपणा आणि मधुमेहात तो कमी आढळतो, म्हणून त्याचे नाव झाले. पण पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत तो वाढलेला दिसल्याचे अभ्यासही अनेक आहेत. उपासात तो वाढू शकतो, कारण त्याला तुमच्या जेवणाची गरजच नसते. आणि शौच घट्ट असेल तर त्याचे प्रमाण जास्त, पातळ असेल तर कमी, असा संबंध २०१६ च्या आसपास नोंदला गेला आहे. नमुना घेतला त्या दिवशी तुमचे पोट ढिले होते का, हे त्या अठरा पानांत कुठे विचारले आहे का, पाहा. शिवाय आकडे टक्क्यांत असतात. दुसरा कोणी वाढला की हा आपोआप घटलेला दिसतो, प्रत्यक्षात तेवढाच असला तरी. आणि शौचातले जिवाणू म्हणजे श्लेष्म्याच्या थरातले जिवाणू नव्हेत.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : या रिपोर्टवर औषधे ठरवू नका. रिपोर्ट फेकू नका, पण तो परत करून पाहण्यात पैसेही घालू नका.

नॉन-सिक्रेटरची भीती तर अजिबात नको. एफयूटी२ जनुकाची दोन्ही रूपे निकामी असली की श्लेष्म्याच्या आणि लाळेच्या साखळ्यांच्या टोकाला ठरावीक पद्धतीने फ्यूकोज लागत नाही, आणि ए-बी रक्तगटाच्या खुणाही तिथे उमटत नाहीत. जगात सुमारे पाचातल्या एका माणसाचे असेच असते. काही आजारांत थोडा तोटा, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांपासून थोडे संरक्षण, कारण त्या विषाणूला धरायला तीच साखर लागते. यावर उपाय नाही आणि उपायाची गरजही नाही. यावरून रक्तगटानुसार आहार विकणारे भेटतील, त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

कॅप्सूलबद्दल. अक्करमॅन्सियावरचा माणसांतला सर्वांत गाजलेला प्रयोग २०१९ चा, बेल्जियममधला : वजन जास्त आणि इन्सुलिनला प्रतिसाद कमी अशा लोकांना तीन महिने रोज १० अब्ज जिवाणू दिले. शेवटपर्यंत ३२ जण टिकले. इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला तो उष्णता देऊन मारलेल्या जिवाणूंनी. जिवंत जिवाणूंचा तसा ठोस फायदा दिसला नाही. मुद्दा हा की तो प्रयोग आव पडणाऱ्यांवर नव्हता आणि श्लेष्म्याच्या जाडीसाठीही नव्हता. साडेचार हजारांत महिनाभराची ज्वारी, मूग, मटकी, पेरू येऊन पैसे उरतात. ‘अस्तर दुरुस्त करणाऱ्या’ ग्लुटामाइनच्या आणि कोलॅजनच्या पुड्यांचेही तेच. प्रथिन पुरेसे हवे हे बरोबर, म्यूसिनच्या दांड्यात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. पण अंडी-पनीर-डाळीतून ते सहज मिळते.

आता आव. पांढरी चिकट आव दिसते म्हणजे अस्तर सोलून बाहेर पडते आहे, अशी तुमची समजूत पत्रातून जाणवते. तसे नाही. जिवाणूंनी खाल्लेला श्लेष्मा दिसत नाही, तो पचून गेलेला असतो. जो दिसतो तो जास्तीचा स्राव असतो. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग चिडला की तिथल्या गॉब्लेट पेशी जास्त स्रवतात. बद्धकोष्ठात, आयबीएसमध्ये (दाह नसताना आतडे चिडके होण्याचा विकार), जंतुसंसर्गात आणि आतड्याच्या दाहातही. म्हणून ‘अस्तर पातळ झाले का’ यापेक्षा ‘आतडे कशाने चिडले आहे’ हा प्रश्न विचारायचा आणि तो तपासण्यांनी सुटतो.

त्याआधी मेट्रोनिडाझोल थांबवा. पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट आम्हाला हीच वाटली. आपल्याकडे आव दिसली की ही गोळी, असा जवळजवळ रिवाज आहे. ती ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना मारते, आणि चोथा खाणारी तुमची बहुतेक वस्ती नेमकी तशीच असते. उंदरांना मेट्रोनिडाझोल दिल्यावर आतला श्लेष्म्याचा थर पातळ झाला आणि नंतरच्या संसर्गात सूज वाढली, असे २०११ मध्ये नोंदले गेले. उंदरावरून माणसाचे सगळे ठरत नाही. माणसाच्या श्लेष्म्यात सियालिक आम्ल गुदाशयाकडे वाढत जाते आणि फ्यूकोज कमी होत जाते, उंदरात हा क्रम उलटा असतो, इतका फरक आहे. तरी विनाकारण गोळी घेण्याचे समर्थन यातून होत नाही. अँटिबायोटिकनंतर आणखी एक गोष्ट घडते. एरवी श्लेष्म्यातून सुटणारे सियालिक आम्ल शेजारचे जिवाणू लगेच खाऊन टाकतात. ते शेजारी मेले की ते मोकळे पडते, आणि साल्मोनेला व क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे जुलाब करणारे जिवाणू त्यावर वाढतात. हे २०१३ मध्ये उंदरांत दाखवले गेले. म्हणून अँटिबायोटिकनंतरच्या तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब झाले तर घरी लोपेरामाइड घेऊन ते थांबवायचे नसतात. डॉक्टरांकडून डिफिसिलच्या विषाची तपासणी करून घ्यायची.

पण खरोखर अमीबा असेल तर? असू शकतो, आणि त्यासाठी ही गोळी योग्यही आहे. गंमत अशी की अमीबासुद्धा या साखरांचाच गिऱ्हाईक. एन्टअमीबा हिस्टोलिटिका आपल्या पृष्ठभागावरच्या लेक्टिनने (साखर पकडणाऱ्या प्रथिनाने) गॅलॅक्टोज आणि एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसअमाइन यांना पकडतो. श्लेष्म्यातल्या साखळ्यांना तो चिकटून राहिला तोवर पेशी वाचतात. त्याने विकरांनी एमयूसी२ कापले की तो पेशींपर्यंत पोहोचतो. मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात त्याचे कोष (सिस्ट) आणि निरुपद्रवी एन्टअमीबा डिस्पारचे कोष सारखेच दिसतात. ‘सिस्ट सापडले’ एवढ्यावर उपचार ठरवले तर अनेकदा निरपराधाला मारले जाते. आणि खरा हिस्टोलिटिका असेल तर मेट्रोनिडाझोल एकटे पुरत नाही. आतड्याच्या पोकळीतले कोष राहतात, त्यांच्यासाठी त्यामागून डायलोक्झानाइडसारखे दुसरे औषध द्यावे लागते. चार दिवस बरे आणि पुन्हा तेच, याचे एक कारण हेही असू शकते. पण ते तपासणीनेच कळेल, अंदाजाने नाही.

तर तपासण्या, आणि त्या कशा कराव्यात ते. पोटविकारतज्ज्ञ नसले तरी चांगले फॅमिली डॉक्टर हे लिहून देऊ शकतात.

शौचाची साधी तपासणी : डबी कोरडी, लघवी किंवा फ्लशचे पाणी मिसळू देऊ नका. नमुना घेताना आव असलेला भाग घ्या, कडेचा घट्ट भाग नको. हालचाल करणारा अमीबा अर्ध्या तासात सुस्तावतो, म्हणून आव पडत असेल तर नमुना लॅबजवळ राहून किंवा लॅबमध्येच द्यावा. घोडबंदरच्या गर्दीत तासभर फिरलेल्या डबीत काही सापडेल ही आशा ठेवू नका. कोष रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने. संशय उरला तर हिस्टोलिटिकासाठी प्रतिजन तपासणी किंवा पीसीआर.

फीकल कॅल्प्रोटेक्टिन : ही खरी उपयोगाची. आतड्यात दाह आहे की नाही हे ती सांगते. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर दाहाचा आजार असण्याची शक्यता फार कमी. त्याच्या थोडे वर असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा, आणि बरेच वर असेल तर कोलोनोस्कोपीबद्दल बोलावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांनी हा आकडा खोटा चढतो, त्यामुळे आधीचे दोन आठवडे ती टाळा. दाढेसाठी अशी गोळी अजून सुरू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

सीबीसी, टीएसएच : हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी.

सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडे दुखावणाऱ्या आजारासाठी) : इथे तुमच्या बाबतीत फसगत होऊ शकते. गहू जानेवारीपासून बंद आहे, आणि गहू पोटात नसताना ही तपासणी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांनी ती सांगितली तर आधी सुमारे सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणात पोळी किंवा पाव खाऊन मगच रक्त द्या.

आणि यापैकी काही दिसले तर थांबू नका : शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन घटणे, घरात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा क्रोन्स-अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास. तुमचे वजन घटले असेल तर ते आहारामुळेही असू शकते. गहू-डाळी परत सुरू केल्यावरही घटत राहिले तर ते आहाराचे नव्हे.

आता ताट. तुम्ही लिहिलेल्या खाण्यात दिवसाला १० ग्रॅमही फायबर भरत नसावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान २५ ग्रॅम सांगते. तिथवर जायचे आहे, पण आठवड्याला साधारण ५ ग्रॅमच्या पायऱ्यांनी. उपाशी वस्तीला एकदम खाऊ घातले की गॅस, फुगारा, कळ येते, आणि बहुतेक लोक इथेच ‘मला फायबर सोसत नाही’ म्हणून सोडून देतात.

पहिला आठवडा : दुपारी ज्वारीची एक भाकरी. ५० ग्रॅम पिठात सुमारे ५ ग्रॅम फायबर. वजन वाढेल ही भीती असेल तर तेवढे पनीर कमी करा. दुसरा आठवडा : तूर किंवा मुगाचे वरण एक वाटी आणि शिजवलेली एक भाजी, गवार, भेंडी किंवा दुधी. कच्चे सॅलड सध्या नको, ते चिडलेल्या आतड्याला जड जाते. तिसरा आठवडा : मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, आधी तीन-चार चमचे, मग अर्धी वाटी. कडधान्य ८ ते १२ तास भिजवून ते पाणी फेकायचे आणि मग मोड आणायचे. त्यामुळे गॅस करणाऱ्या रॅफिनोज गटातल्या साखरा बऱ्याच कमी होतात. राजमा, छोले, वाल महिनाभर लांब ठेवा. चौथा आठवडा : एक पेरू किंवा पपईची वाटी, आणि रात्रीही भाकरी किंवा नाचणी. एखाद्या पायरीवर पोट फुगले तर मागे येऊ नका, तिथेच आठवडाभर थांबा. साधारणपणे ते आपोआप निवळते. दहा दिवसांनंतरही तेच असेल तर कांदा, लसूण आणि गहू काही दिवस कमी करून पाहा, आयबीएसमध्ये यांतली फ्रक्टन नावाची कर्बोदके त्रास देतात.

एकाच पदार्थावर सगळा भार टाकू नका. ज्वारी-गव्हातले अरॅबिनोझायलन, पेरूतले पेक्टिन, जवातले बीटा-ग्लुकन, कडधान्यातले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च, हे फोडणारे जिवाणू वेगवेगळे. एकाला खाऊ घातले की दुसरा उपाशीच राहतो. उंदरांतल्या एका प्रयोगात कमी चोथ्याच्या खाद्याबरोबर थोडे इन्युलिन (एक प्रकारचा चोथा) दिल्यावर श्लेष्म्याच्या थरातून आत झिरपणे कमी झाले, पण थर वाढण्याचा वेग पूर्ववत करायला ते पुरले नाही. पावसाळ्यात जांभळी नाक्यावर टाकळा, कुर्डू, फोडशी मिळते, ती जरूर घ्या. चांगली धुऊन, शिजवून. कॅन्टीनमध्ये मिसळ दिसली तर उसळ वाढवून घ्या, फरसाण कमी करा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, राजगिरा आणि शिंगाडा बरे. पण एखाद्या एकादशीने अस्तराचे काही होत नाही.

इसबगोल घेऊ का, हे तुम्ही विचारले नाही, पण दुकानदार सुचवेलच. आव बद्धकोष्ठाबरोबर पडत असेल तर रात्री एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकू शकते. थायरॉइडची किंवा इतर गोळी असेल तर दोन तासांचे अंतर ठेवा. जिवाणू इसबगोल फारसे खात नाहीत, त्यामुळे ते शौच नीट करते. ताटातल्या चोथ्याची जागा ते घेत नाही.

पाकिटांवरचे ४६६ आणि ४३३ हे आकडेही पाहून ठेवा, ते पदार्थ दाट आणि एकजीव करणाऱ्या मिश्रकांचे क्रमांक. ४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. २०१५ मध्ये उंदरांत या दोन्हींनी श्लेष्म्याचा थर जिवाणूंना जवळ येऊ देण्याइतका विरळ केला. नंतर २०२२ मध्ये माणसांना ११ दिवस रोज १५ ग्रॅम ४६६ दिले तेव्हा जिवाणूंची विविधता घटली आणि काही थोड्या जणांत जिवाणू आतल्या थरात शिरलेले दिसले. १५ ग्रॅम ही मात्रा मोठी आहे, आइस्क्रीमच्या एका कपात ती साधारण अर्ध्या ग्रॅमच्याही खाली असते. महिन्यातून दोनदा आइस्क्रीम खाऊन काही बिघडत नाही. पण कमी-कर्बोदक आहारवाल्यांसाठी विकले जाणारे प्रोटीन शेक, ‘झिरो शुगर’ डेझर्ट आणि सॉस रोज पोटात जात असतील तर त्यांची पाकिटे एकदा उलटून वाचा, आणि हे दोन आकडे सापडले तर ती रोजच्या यादीतून काढा. तपासणीचे कागद हातात येईपर्यंत ताटातला पहिला आठवडा सुरू करायला हरकत नाही. कॅल्प्रोटेक्टिन चढलेले आले तर मात्र पुढच्या पायऱ्या डॉक्टरांना विचारूनच.